वाजवी अंतर

विधेयकाचं सातवं कलम माझ्या टेबलावर आलं
तेव्हा पर्वरीत साडेचार वाजले होते
आणि कँटीनचा पोरगा मागचे कप उचलत होता.
"ग्रामीण भागातील प्रत्येक व्यक्तीस
मानसिक आरोग्यसेवा
वाजवी अंतरावर उपलब्ध असेल."

इंग्रजीचं मराठी करायचं, एवढंच माझं काम.
अर्थाशी भांडायला आमदार आहेत,
दोन दिवसांनी, जेवणानंतर.

मी 'वाजवी' लिहिलं होतं. खोडलं.
'माफक' लिहिलं. माफक भाडं असतं, अंतर कसलं?
'रास्त' लिहिलं तर रेशनची रांग दिसायला लागली.
पुन्हा 'वाजवी'.

नेत्रावळीच्या वरच्या वाड्यावरून
पहिली बस पावणेसहाला,
ड्रायव्हरला जाग आली तर.
मग सांगे, मग कुडचडे,
मग मडगावच्या स्टँडवर उभं राहायचं.
तिथे कुष्टाने माझा हात धरला,
एकोणतीस वर्षांचा माझा भाऊ,
माडीच्या टोकाला शिडीशिवाय चढून
मिरीचे घोस उतरवणारा.
"बाय, आमी खंय वतात तें
ह्या सगळ्यांक खबर आसा."

आमच्याकडे बांबोळी म्हणजे गाव नव्हे, शिवी.
'ह्याका बांबोळीक व्हरूंक जाय'
असं बैलाला म्हणतात, भावजयीला म्हणतात,
नो-बॉल देणाऱ्या अंपायरला म्हणतात.
शाळेत मीही म्हटलंय.
कुणाला, ते सांगणार नाही.

चार बसगाड्या, त्याची मजुरी, माझी रजा,
आणि गोळ्या पंधरा दिवसांच्या.
सोळाव्या दिवसाचं काय करायचं
हे कुणी विचारलं नाही, मीसुद्धा.
तिसऱ्या खेपेनंतर कुष्टा आला नाही.
बंद खाणीच्या काठावर बसायला लागला.
खड्ड्यातलं पाणी हिरवंगार. म्हणायचा,
ह्याला तळ नाही, मी दगड टाकून ऐकलंय.

मग सोयरू घाडी.
तो मात्र चालत येतो, अंगणापर्यंत येतो,
रात्री एकलासुद्धा. नारळ, तांदूळ, गाराणं,
निघताना आईच्या डोक्यावर हात.
हसू नका.
वाजवी अंतराची इतकी सोपी व्याख्या
अख्ख्या मसुद्यात नव्हती.

विधेयक आवाजी मताने मंजूर झालं.
'होय' मोठ्याने, 'नाही' कुणाचंच नाही,
मागच्या बाकावर कुणीतरी मोबाइलवर खेळत होतं.
इतिवृत्तात ते येत नाही.

दीड वर्षाने पंचायतीमागे
खताच्या पोत्यांची खोली झाडून घेतली.
बोर्ड लागला: मनःस्वास्थ्य कक्ष, गुरुवार, दहा ते एक.
'मनःस्वास्थ्य' माझा शब्द. गावाला तो वाचता येईना.
लोक सोसायटीत तेल घ्यायला जायचे,
तिथून पुढे मान वळवायची नाही.

ऑलिंडा सिस्टर तीन गुरुवार एकटी बसली,
थर्मास, रजिस्टर, निळ्या दोऱ्याचं क्रोशे.
चौथ्या गुरुवारी दारात सोयरू घाडी,
चपला हातात घेऊन.
"माणूस झोपेशिवाय किती दिस काढतो?"
त्याने विचारलं. "दुसऱ्या एकासाठी विचारतोय."
सिस्टरने खुर्ची ओढली. दुसरा एक बसला.
बायको गेल्यापासून सात महिने
गावाच्या भुतांना वाट दाखवून
घरी आलं की त्याला
स्वतःच्याच उंबऱ्यावर उजाडायचं.

हे मला आईने फोनवर सांगितलं,
आवाज खाली करून, जसं लग्न ठरलेलं सांगतात.
आणि मग, काल घाडी परत गेला होता.
त्याच्या मागून कुष्टा.

बरोबर नाही गं, आई म्हणाली,
दहा पावलं मागे,
कुणी विचारलंच तर
सोसायटीत चाललोय म्हणायला हातात बाटली,
रिकामी.